चकती दाबली दहा टक्के, पण पेशीला काय कळलं?

कूर्चेच्या टिश्यू इंजिनिअरिंगचे पेपर वाचायला घेतले की पद्धतीच्या भागात एक उल्लेख हमखास भेटतो: १० टक्के स्ट्रेन, १ हर्ट्झ. म्हणजे पेशी भरलेली जेलची चकती यंत्रात ठेवली, दर सेकंदाला एकदा तिची उंची दहा टक्क्यांनी कमी केली आणि परत सोडली. वाचताना आपण गृहीत धरतो की आतल्या पेशींना दहा टक्के स्ट्रेन मिळाला. पण तो आकडा यंत्राचा आहे. आतल्या पेशीला किती ताण आला, किती दाब आला, तिच्या शेजारून पाणी किती वेगाने गेलं, हे त्या आकड्यात कुठेच नाही. शिवाय ते मधल्या पेशीसाठी वेगळं, कडेच्या पेशीसाठी वेगळं, पहिल्या दिवशी वेगळं आणि अठ्ठाविसाव्या दिवशी आणखी वेगळं असतं.

कम्प्युटर मॉडेल करायचं ते हे शोधण्यासाठी. पीएचडीच्या मुलाखतीत "मॉडेलिंग कशाला हवं, प्रयोग करा ना" असा प्रश्न येतो, तेव्हा उत्तर एवढंच: पेशीच्या शेजारी सेन्सर लावता येत नाही.

आधी कूर्चेबद्दल थोडक्यात. शाळेच्या पुस्तकात जिला कास्थी म्हटलंय तीच ही. घरातले लोक गुडघ्यातली गादी म्हणतात. सांध्यात हाडाच्या टोकावर असलेला हा गुळगुळीत थर माणसात साधारण काही मिलिमीटर जाडीचा असतो. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, पेशी फारच थोड्या. वजनाच्या ६५ ते ८० टक्के नुसतं पाणी. उरलेल्यात मुख्यतः दोन गोष्टी: टाइप-२ कोलॅजनचे तंतू आणि ऋणभारित अ‍ॅग्रिकन. अ‍ॅग्रिकन पाणी ओढून फुगायला बघतं, कोलॅजन त्याला बांधून ठेवतं. (काळी माती पावसात फुगते त्यामागेही चिकणमातीच्या कणांवरचा ऋणभारच असतो. हे साम्य वरवरचं नाही, पुढे कळेल.) रक्तपुरवठा नसल्याने एकदा झिजली की ती नीट भरून येत नाही. विल्यम हंटर या शल्यविशारदाने १७४३ सालीच हे लिहून ठेवलंय. म्हणून प्रयोगशाळेत कूर्चा वाढवायची आणि झिजलेल्या जागी बसवायची, हा सगळा खटाटोप.

आणि बसवायची कुठे, तर जिथे दाब प्रचंड आहे तिथे. १९८० च्या दशकात एका रुग्णाच्या खुब्यात सेन्सर लावलेलं कृत्रिम सांध्याचं टोक बसवून दाब मोजला होता. खुर्चीवरून उठताना १८ मेगापास्कलपर्यंत आकडा गेला. हा आकडा लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

आता एक ठरावीक प्रयोग घेऊ. २००० साली कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने वासराच्या कूर्चेतल्या पेशी अ‍ॅगरोजमध्ये मिसळून चकत्या केल्या. अ‍ॅगरोज म्हणजे आपण एमएस्सीला डीएनएच्या जेलसाठी वापरतो तेच. काही चकत्या नुसत्या माध्यमात ठेवल्या. काहींना १० टक्के, १ हर्ट्झ, एक तास दाब आणि एक तास विश्रांती असं दिवसातून तीनदा, आठवड्यातले पाच दिवस, चार आठवडे चालवलं. शेवटी न दाबलेल्या चकत्यांचा मॉड्युलस साधारण १५ किलोपास्कल भरला आणि दाबलेल्यांचा साधारण १००. सुरुवातीला तो ५ च्या आसपास होता. या क्षेत्रात आलात तर हा पेपर तुमच्या समोर येणारच, कारण दाब दिल्याने ऊती नुसती जगली नाही तर कित्येक पट टणक झाली, हे त्यातून स्पष्ट दिसलं.

मग प्रश्न येतो: दाबण्यातल्या नेमक्या कोणत्या गोष्टीमुळे? आकार बदलल्यामुळे? आतल्या पाण्याच्या दाबामुळे? वाहत्या पाण्यामुळे? की पाणी हलल्याने पेशींना जास्त खायला मिळालं, एवढंच? यातल्या उत्तरावर पुढचं यंत्र कसं बांधायचं ते ठरतं. चुकीचं कारण धरलं तर गुडघ्याच्या आकाराचा मोठा तुकडा वाढवताना सगळं कोसळतं, आणि ते कळायला दोन-तीन महिन्यांचं कल्चर खर्ची पडतं.

मॉडेलची मूळ कल्पना समजायला श्रीखंडाचा चक्का आठवा. दही फडक्यात बांधून वर पाट ठेवला की वजन पडल्या क्षणी दही बसत नाही. आधी भार आतलं पाणी झेलतं. पाणी कडेने झिरपून जाईल तसा भार हळूहळू घन भागावर येतो. गोळा मोठा असेल तर वेळ जास्त, आणि साध्या प्रमाणात नाही: आकार दुप्पट तर वेळ चौपट. इमारतीखालची ओली माती कशी खचते याचं गणित टर्झागीने १९२० च्या दशकात याच विचाराने मांडलं, १९४१ मध्ये बायोने ते तिन्ही दिशांना विस्तारलं, आणि १९८० मध्ये व्हॅन माऊ आणि सहकाऱ्यांनी कूर्चेसाठी द्विप्रावस्था सिद्धांत दिला: घन जाळं आणि द्रव, दोन्ही एकाच जागी, एकमेकांवर घासत. विद्युतभारामुळे येणारं फुगणं नंतर, १९९१ च्या त्रिप्रावस्था सिद्धांतात आलं. सिव्हिलच्या मित्राचं कॉन्सॉलिडेशनचं प्रकरण उसनं घेऊन वाचलंत तर अर्धं काम झालं म्हणून समजा.

यातून एकच सूत्र काढून ठेवा. पाणी निघून जायला लागणारा वेळ म्हणजे त्रिज्येचा वर्ग भागिले मॉड्युलस आणि पर्मिएबिलिटी यांचा गुणाकार. इथे चकती दोन गुळगुळीत, पाणी न झिरपणाऱ्या प्लेटांमध्ये आहे आणि पाणी फक्त गोल कडेने बाहेर पडतं, असं धरलंय. हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. त्रिज्या २ मिलिमीटर, मॉड्युलस १० किलोपास्कल, पर्मिएबिलिटी १० चा उणे १२ वा घात, एसआय एककात. उत्तर येतं ४०० सेकंद, म्हणजे जवळपास सात मिनिटं.

आपण तर दर सेकंदाला दाबतोय. मग पाण्याला बाहेर पडायला वेळच कुठे आहे? एका सेकंदात पाणी साधारण किती अंतरातून निघू शकेल, तर मॉड्युलस, पर्मिएबिलिटी आणि वेळ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. ते येतं ०.१ मिलिमीटर. म्हणजे २ मिलिमीटर त्रिज्येच्या चकतीत खरा प्रवाह कडेच्या ०.१ मिलिमीटरच्या पट्ट्यातच आहे. आतल्या सगळ्या भागात पाणी जाळ्याबरोबरच हलतं. तिथे आकारमान बदलू शकत नाही, म्हणून उंची १० टक्के कमी झाली की चकती बाजूला ५ टक्के पसरते. आतल्या पेशीच्या वाट्याला प्रवाह नाही. तिला चपटं होणं आणि बाजूला ताणलं जाणं मिळतं.

आणि दाब? घर्षण नसेल आणि कड मोकळी असेल, तर बाजूला पसरू पाहणाऱ्या जाळ्याच्या ताणाइतकाच दाब पाण्यात येतो. निचरा झालेल्या जाळ्याचा पॉयसाँ गुणोत्तर शून्य धरलं तर शिअर मॉड्युलस ५ किलोपास्कल. दुप्पट करून ५ टक्क्यांनी गुणलं की अर्धा किलोपास्कल. अर्धा किलोपास्कल म्हणजे किती, तर बादलीत ५ सेंटिमीटर पाणी घातल्यावर तळाला येतो तेवढा. खुब्यातले १८ मेगापास्कल आठवा: छत्तीस हजार पट. दाबाचा पेशींवर काय परिणाम होतो हे तपासणारे प्रयोग मेगापास्कलमध्ये केले जातात. तेव्हा या चकतीत सुरुवातीच्या दिवसांत पाण्याच्या दाबाने पेशी जाग्या झाल्या असं कोणी म्हटलं, तर त्याला हा कागदावरचा हिशेब दाखवायला हरकत नाही. अजून कम्प्युटर सुरूही केलेला नाही, आणि एक कारण बरंचसं बाद झालंय.

मला हा भाग फार आवडतो. मॉडेलिंग म्हणजे सॉफ्टवेअर शिकणं, असा समज आपल्याकडे पक्का आहे. प्रोग्रेस सेमिनारला लाल-निळं चित्र दाखवलं की समितीही खूश होते. पण त्या चित्रातलं लाल ०.५ किलोपास्कल आहे की ५००, हे पट्टीवर वाचणारे कमी असतात.

साध्या मॉडेलची मर्यादाही बघू, कारण त्यातच एक महत्त्वाची गोष्ट लपली आहे. वरच्या हिशेबात एकूण ताण निघतो १.५ किलोपास्कल आणि त्यातला पाण्याचा वाटा ०.५. म्हणजे एक तृतीयांश. घन जाळं साधं रेषीय आणि सगळ्या दिशांना सारखं धरलं की, तुम्ही कितीही वेगाने दाबा, मोकळ्या कडेच्या चकतीत पाणी एक तृतीयांशापेक्षा जास्त भार उचलूच शकत नाही. मॉड्युलस बदला, पर्मिएबिलिटी बदला, आकडा तोच. पण खऱ्या कूर्चेत मोजलं तर पाण्याचा वाटा याच्या दुपटीहून जास्त भरतो. म्हणजे पॅरामीटर चुकलेले नाहीत, मॉडेलच अपुरं आहे. कारण कोलॅजनचे तंतू दाबल्यावर दोऱ्यासारखे ढिले पडतात, पण ताणल्यावर भलतेच ताठ असतात. चकती बाजूला पसरायला गेली की तंतू तिला आवळून धरतात, आणि कोंडलेल्या पाण्याचा दाब चढतो. १९९९-२००० च्या सुमारास ताणात वेगळं आणि दाबात वेगळं वागणारी मॉडेल्स आली, तेव्हा ही तफावत सुटली.

याचा प्रयोगशाळेतल्या कूर्चेशी थेट संबंध आहे. कल्चरमध्ये वाढवलेल्या ऊतीत अ‍ॅग्रिकनचं प्रमाण बऱ्यापैकी लवकर वाढतं, कोलॅजन मात्र मागेच राहतं. पेपरमध्ये बहुतेकदा पाणी पूर्ण स्थिरावल्यावरचा मॉड्युलस ठळकपणे दिलेला असतो, आणि तो बराचसा अ‍ॅग्रिकनवर अवलंबून असल्याने छान दिसतो. चालताना मात्र गुडघ्यावर साधारण सेकंदाला एकदा भार येतो. तिथे कामाला येतं ते पाणी कोंडून धरणं, म्हणजे कोलॅजन. तेव्हा नैसर्गिक कूर्चेइतका मॉड्युलस मिळाला असं वाचलं की पुढचा प्रश्न विचारा: स्थिर की गतिमान?

परत आपल्या प्रश्नाकडे. दाब बाद झाला. आकार बदलणं, प्रवाह आणि पोषण उरले. समजा शेवटी चकती कापली आणि दिसलं की कडेला जास्त मॅट्रिक्स तयार झालंय, मध्ये कमी. मॉडेलचा नकाशाही सांगतो की प्रवाह कडेलाच आहे. दोन नकाशे जुळले! थिसिसमध्ये एक प्रकरण तयार. इथे थांबायला हवं. कडेला प्रवाह आहे हे खरं, पण कडेलाच ग्लुकोज आणि ऑक्सिजनही जास्त आहे. ग्लुकोजला जेलमध्ये एक मिलिमीटर आत पसरायला साधारण अर्धा तास लागतो, आणि वाटेतल्या पेशी ते खात बसलेल्या असतात. पेशी दाट भरल्या तर मध्यभाग कायमच उपाशी. त्यामुळे अजिबात न दाबलेल्या चकतीतही कडेला जास्त मॅट्रिक्स दिसू शकतं. दोन कारणांचा नकाशा एकसारखा असेल, तर नकाशा जुळणं हा पुरावा होत नाही.

मॉडेलचा खरा उपयोग इथे सुरू होतो. ते झालेल्या प्रयोगाचं चित्र काढायला नाही, तर दोन कारणं ज्यात वेगळी दिसतील असा पुढचा प्रयोग शोधायला वापरायचं. उदाहरणार्थ, वारंवारता १ हर्ट्झवरून ०.०१ वर आणली तर प्रवाहाचा पट्टा दहापट रुंद होतो, ०.१ वरून १ मिलिमीटर, म्हणजे अर्धी त्रिज्या. ग्लुकोजचा उतार मात्र मुख्यतः डिफ्यूजनने ठरतो, तो फारसा हलू नये. मॅट्रिक्सचा पट्टा रुंदावला तर प्रवाहाच्या बाजूने एक मुद्दा. पण थांबा, प्रवाहाचा वेगही त्याच वेळी दहापट कमी होतो, आणि तासाभरात ३६०० ऐवजी ३६ च आवर्तनं होतात. म्हणजे एक बटण फिरवलं की तीन गोष्टी बदलल्या. दुसरा मार्ग: चकतीच्या मध्ये छोटं भोक पाडायचं. न दाबलेल्या चकतीत भोकामुळे फक्त पोषण सुधारतं, दाबलेल्या चकतीत पोषणही सुधारतं आणि पाण्याला नवी मोकळी कडही मिळते. भोक आणि दाब यांचे चार गट करून मधला भाग आणि कड वेगवेगळी कापून मोजली, तर वाटे बऱ्यापैकी सुटे होतात. कापून वेगवेगळं मोजण्याची पद्धत नवी नाही. एमआयटीतल्या ग्रोडझिन्स्की यांच्या गटाने १९९० च्या दशकात खऱ्या कूर्चेच्या चकत्यांचा गाभा आणि कडेचं कडं असंच वेगळं तपासलं होतं. या प्रत्येक गटात कुठे काय दिसायला हवं, ते प्रयोगाच्या आधी मॉडेलने सांगायचं आणि तारीख टाकून लिहून ठेवायचं. नंतर जुळवलेला आलेख कोणालाही जमतो.

पॅरामीटर कुठून आणायचे, हा पुढचा कटकटीचा विषय. नेहमीची चाचणी अशी: चकती थोडी दाबून तशीच धरायची आणि बल हळूहळू कसं उतरतं ते बघायचं. शेवटी स्थिरावलेल्या बलावरून जाळ्याचा कडकपणा मिळतो, उतरण्याच्या वेगावरून मॉड्युलस आणि पर्मिएबिलिटीचा गुणाकार, आणि भागाकार करून पर्मिएबिलिटी. ऐकायला सोपं आहे. अडचण ही की बल उतरायला पाणी निघून जाणं हे एकच कारण नसतं. जेलचं जाळं स्वतःही वेळेनुसार सैल पडतं, म्हणजे व्हिस्कोइलॅस्टिक वागतं. दोन्ही कारणांचा आलेख इतका सारखा दिसतो की सॉफ्टवेअर कोणत्याही एकाने छान फिट करून देतं. आर-स्क्वेअर ०.९९ आणि पर्मिएबिलिटी दहापट चुकलेली, हे सहज होऊ शकतं.

यावर उपाय चक्क्यातच आहे. पाण्याचा वेळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जाळ्याच्या सैल पडण्याला चकती केवढी आहे याच्याशी देणंघेणं नाही. म्हणून त्याच जेलमधून ३ आणि ६ मिलिमीटर व्यासाच्या पंचने चकत्या कापा आणि दोन्हींवर तीच चाचणी करा. वेळ चौपट झाला तर पाणी, तेवढाच राहिला तर जाळं, अधेमधे आला तर दोन्ही. एक जादा पंच आणि एक दुपार, एवढाच खर्च. कोणत्याही ग्रँटशिवाय होण्यासारखी गोष्ट आहे.

आणि हे पॅरामीटर एकदा मोजून भागत नाही, कारण ऊती वाढते आहे. चार आठवड्यांत मॉड्युलस दहापट वाढला आणि मॅट्रिक्स भरल्याने पर्मिएबिलिटी दहापट उतरली असं समजा. गुणाकार तोच! म्हणजे बल उतरायला लागणारा वेळ पहिल्या आणि शेवटच्या दिवशी सारखाच दिसेल, प्रवाहाचा पट्टाही तेवढाच राहील, पण पाण्याचा दाब दहापट होईल. पहिल्या दिवशी बाद केलेलं कारण शेवटच्या आठवड्यात पुन्हा तपासावं लागतं. पेशीच्या पातळीवर तर चित्र आणखी बदलतं. कूर्चेतली पेशी मऊ असते, मॉड्युलस साधारण एक किलोपास्कलच्या घरात. भोवतालचं जेल कडक होत जातं तसा तिच्यातला आणि परिसरातला फरक वाढतो, आणि पेशी स्वतःभोवती जो पातळ वेगळा थर तयार करते तो मध्ये येऊन स्ट्रेन पुन्हा बदलतो. गिलक आणि माऊ यांनी २००० मध्ये दोन पातळ्यांचं मॉडेल करून हे दाखवलं: आधी पूर्ण तुकडा सोडवायचा, मग त्यातल्या एका बिंदूचं उत्तर पेशीभोवतीच्या छोट्या मॉडेलला सीमा म्हणून द्यायचं. त्यासाठी सुपरकम्प्युटर लागत नाही.

सॉफ्टवेअरची चिंता करू नका. युटा आणि कोलंबिया विद्यापीठांनी मिळून केलेलं फेबायो याच कामासाठी आहे, फुकट मिळतं, आणि साध्या लॅपटॉपवर चकतीचं मॉडेल चालतं. मेश कडेला बारीक ठेवा: प्रवाहाचा पट्टा ०.१ मिलिमीटर असेल तर त्यात निदान पाच-सहा घटक तरी बसायला हवेत. घटक मोठे आणि वेळेची पायरी फार लहान झाली की दाबाच्या आलेखात करवतीसारखे दाते येतात. ते जीवशास्त्र नाही, गणिताची कुरकुर आहे. सुरुवातीला पेशी, वाढ, विद्युतभार यातलं काहीही न घालता नुसती रेषीय चकती सोडवा आणि आर्मस्ट्राँग, लाय आणि माऊ यांच्या १९८४ च्या कागदावर सोडवता येणाऱ्या उत्तराशी ताडून बघा. पहिल्या क्षणी पाण्याचा वाटा एक तृतीयांश आला नाही, तर पुढे जाऊ नका. तो आला की प्लेटला घर्षण द्या. चकती मध्ये पिंपासारखी फुगेल आणि मधला दाब वाढेल. किती वाढला ते बघा, आणि तुमच्या प्रयोगशाळेतल्या प्लेट खरंच किती गुळगुळीत आहेत ते यंत्र चालवणाऱ्या सिनियरला विचारून या.